हादरत्या भूमीवरील घरे

ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात किंवा शिलाँगच्या पठारावर राहणाऱ्या माणसाला भूकंप म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. रात्री जेवणाची ताटे मांडलेली असावीत, आणि अचानक फडताळातील कपबश्या किणकिणू लागाव्यात, छताला टांगलेला दिवा संथपणे झुलावा, दाराची कडी आपोआप वाजावी, हा अनुभव तेथील प्रत्येक पिढीला आलेला आहे. जुन्या घरांतून अशा वेळी शंख फुंकला जातो, स्त्रिया उलुध्वनी करतात आणि मंडळी अंगणात येऊन उभी राहतात. क्षणभराने सर्व शांत होते. कोणीतरी हसते, कोणीतरी मागच्या धक्क्याची आठवण काढते आणि लोक पुन्हा पानावर येऊन बसतात.

हे जे पुन्हा पानावर येऊन बसणे आहे त्यात धीर आहे, तसाच धोकाही आहे. वर्षानुवर्षे लहान धक्के सोसणाऱ्या माणसाच्या मनात हळूहळू अशी समजूत घर करते की, भूकंप म्हणजे एवढेच. तिच्या जोडीला आणखी एक समजूत असते आणि ती शिकलेल्या माणसांतही आढळते. ती अशी की, लहान लहान धक्क्यांवाटे पृथ्वीच्या पोटातील जोर थोडा थोडा बाहेर पडत असतो, म्हणून हे धक्के बसत राहणे बरेच. त्यामुळे मोठा भूकंप टळतो. ही कल्पना दिलासा देणारी आहे यात शंका नाही. ती खरी असती तर आसामच्या इतिहासातील दोन अतिशय भयंकर दिवस उगवलेच नसते.

या समजुतीचा हिशेब मांडून पाहणे कठीण नाही. भूकंपात बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा अंदाज त्याच्या महत्तेवरून करतात. वर्तमानपत्रांतून ‘रिश्टर’ या नावाने जो आकडा छापून येतो तो हाच. हा आकडा एकाने वाढला म्हणजे ऊर्जा दुप्पट किंवा दसपट होते असे नव्हे. ती सुमारे बत्तीसपट होते. दोनाने वाढला तर सुमारे हजारपट. १५ ऑगस्ट १९५० रोजी आसामच्या ईशान्य सीमेवर झालेल्या भूकंपाची महत्ता ८.६ होती. तेवढी ऊर्जा महत्ता ४ च्या धक्क्यांवाटे बाहेर पडायची म्हटली, तर तसे सुमारे ऐंशी लाख धक्के लागतील. म्हणजे रोज एक धक्का बसला, तरी एकवीस हजारांहून अधिक वर्षे लोटावी लागतील. लहान धक्क्यांची संख्या मोठ्यांपेक्षा अधिक असते हे खरे आहे. महत्तेची एक पायरी खाली उतरले की संख्या ढोबळमानाने दसपट होते, असा अनुभव आहे. परंतु त्याच एका पायरीबरोबर प्रत्येक धक्क्याची ऊर्जा बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. तेव्हा चिल्लर कितीही साठवली, तरी तिने हे ऋण फिटत नाही.

ऋण कसले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले असून भारताचा भूपट्ट आशियाच्या भूपट्टाकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने सरकत आहे. नखे ज्या वेगाने वाढतात त्याहून हा वेग थोडासाच अधिक आहे. यापैकी सुमारे दोन सेंटिमीटरांची भरपाई हिमालयाच्या पायथ्याशी व्हावी लागते. तेथील खडक घर्षणाने एकमेकांत अडकून बसलेले असल्यामुळे ते दरवर्षी थोडे थोडे सरकत नाहीत. वाकतात, दबतात आणि ताण साठवत राहतात. एखाद्या दिवशी घर्षण हरते, आणि शतकांचा हिशेब दोन-चार मिनिटांत चुकता होतो. आसामची अडचण अशी की, त्याच्या उत्तरेस हिमालय आहे आणि पूर्वेस म्यानमारच्या सीमेवरील डोंगररांगा आहेत. या दोन्ही बाजूंनी दाब येतो आणि मध्ये शिलाँगचे पठार पाचरीसारखे वर उचलले गेलेले आहे. अशा तिढ्यात सापडलेली भूमी अधूनमधून कुरकुरते, आणि तेच ते रोजचे लहान धक्के.

शनिवार, १२ जून १८९७. वेळ सायंकाळी सव्वापाचच्या सुमाराची. त्या दिवशी जे घडले त्याचे वर्णन रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम या भूवैज्ञानिकाने केलेले आहे. ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम करीत असे. त्याचे वडील टॉमस ओल्डहॅम हे त्याच संस्थेचे प्रमुख होते आणि त्यांनी १८६९ च्या काचार भूकंपाचा अभ्यास हाती घेतला होता. तो अहवाल पुढे मुलाने पुरा केला. भूकंप हा जणू या घराण्याचा वारसाच होता म्हणावयाचा. १८९७ नंतर धाकटा ओल्डहॅम व त्याचे सहकारी गारो व खासी टेकड्यांतून फिरले, आणि १८९९ साली त्यांचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. भूकंपाचे असे बारकाईचे निरीक्षण त्यापूर्वी फार थोड्या ठिकाणी झालेले होते.

ओल्डहॅमला काय दिसले? चेद्रंग नदीच्या खोऱ्यात जमीन एका रेषेवर दुभंगून एक बाजू दुसरीपेक्षा काही ठिकाणी दहा मीटरांपर्यंत वर उचलली गेली होती. नदीच्या वाटेत त्यामुळे धबधबे आणि डबकी तयार झाली होती. पठारावर अर्धवट पुरलेले मोठे दगड आपल्या खळग्यांतून बाहेर फेकले गेले होते, आणि खळग्यांच्या कडा मात्र मोडलेल्या नव्हत्या. दगड ढकलला गेला असता तर कडा मोडल्या असत्या. अर्थात तो सरळ वर उडाला असला पाहिजे. जमिनीने पृथ्वीच्या आकर्षणावर क्षणभर मात केली होती, असा याचा अर्थ. सखल भागात शेतांतून वाळू आणि पाणी यांची कारंजी उडाली, विहिरी वाळूने भरून गेल्या. कामरूपमधील चांदुबी हे आज सहलीचे ठिकाण असलेले सरोवर त्याच दिवशी अरण्य खचून निर्माण झाले. इंग्लंड देशाएवढ्या प्रदेशातील दगडाविटांच्या इमारती जमीनदोस्त झाल्या; दूर कलकत्त्यातही घरांना तडे गेले. एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच भूकंपाच्या दूरदेशीच्या नोंदी तपासताना ओल्डहॅमला वेगवेगळ्या गतीने येणारे प्राथमिक व दुय्यम तरंग स्पष्टपणे ओळखता आले, आणि अशाच अभ्यासातून १९०६ साली त्याने पृथ्वीच्या गर्भात एक निराळा गाभा असल्याचा पुरावा पुढे मांडला. आसामच्या विध्वंसातून पृथ्वीच्या अंतरंगाचे ज्ञान माणसाला झाले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

हा भूकंप नेमका कोणत्या विभंगावर झाला याविषयी वाद शंभर वर्षे चालला. २००१ साली रॉजर बिल्हॅम आणि फिलिप इंग्लंड यांनी जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मोजमापे पुन्हा तपासून असे प्रतिपादन केले की, पठाराच्या उत्तर कडेखाली एक झाकलेला विभंग असून त्या दिवशी पठाराची उत्तर कड काही सेकंदांत निदान अकरा मीटर वर उचलली गेली. या विभंगाला त्यांनी ओल्डहॅमचेच नाव दिले. सर्वच अभ्यासकांना हे मत मान्य आहे असे नाही.

ओल्डहॅमच्या अहवालानुसार एवढ्या प्रचंड उत्पातात सुमारे १,५४२ माणसे मृत्यू पावली. संख्या लहान नाही. परंतु आठाहून अधिक महत्तेच्या, एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाला व्यापणाऱ्या भूकंपाच्या मानाने ती आश्चर्य वाटावे इतकी कमी आहे. वेळ सायंकाळची, माणसे बरीचशी घराबाहेर, हे एक कारण. वस्ती विरळ, हे दुसरे. तिसरे कारण घरांत शोधावे लागते.

त्या काळी शिलाँग ही आसाम प्रांताची राजधानी होती आणि तेथे तीन प्रकारची घरे शेजारी शेजारी उभी होती. त्यामुळे निसर्गाने एखाद्या प्रयोगशाळेत करावी तशी त्यांची परीक्षा घेतली. दगडी घरे झाडून सारी कोसळली. लाकडी सांगाडा करून त्यात ‘इकरा’ नावाच्या बोरूसारख्या गवताच्या भिंती भरून वर गिलावा दिलेली जी घरे होती, त्यांपैकी सुमारे निम्म्यांची हानी झाली. लाकडी सांगाड्यावर फळ्या ठोकलेली, आणि जमिनीत न रोवता नुसती तिच्यावर टेकलेली जी घरे होती, ती जवळजवळ जशीच्या तशी राहिली. पाया खोल आणि भिंत भक्कम तर घर सुरक्षित, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत येथे उलटी ठरली. भूकंपात घराला बसणारा धक्का त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. जड भिंत धक्का अधिक ओढवून घेते, आणि दगड चुना-मातीने नुसते एकावर एक बसविलेले असल्यामुळे तो सोसण्याची ताकद मात्र तिच्यात नसते.

यानंतर जे घर आसामात सर्वत्र पसरले आणि ज्याला पुढे ‘आसाम पद्धतीचे घर’ असे नाव मिळाले, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. विटांचा किंवा दगडाचा बसका चौथरा; त्यावर लाकडी खांब; खांबांना जोडणाऱ्या आडव्या तुळया; खिडकीच्या तळापर्यंत पुष्कळदा विटांची बुटकी भिंत आणि त्यावर इकऱ्याचे तट्टे, दोन्ही अंगांनी मातीचा किंवा चुन्या-सिमेंटचा गिलावा दिलेले. माथ्यावर उतरते छप्पर, पूर्वी गवताचे आणि नंतर नालीदार पत्र्याचे. घर एकमजलीच. पाऊसही तेथे असा की, उतरत्या छपरावाचून गत्यंतर नसते. जमीन हादरली म्हणजे हा सांगाडा कुरकुरतो, डोलतो, गिलाव्याचे पोपडे उडतात. पण जोड सहसा सुटत नाहीत. आणि समजा, भिंत पडलीच, तरी ती गवताची आणि मातीची असते. तिच्याखाली सापडलेला माणूस जखमी होईल, चिरडला जाणार नाही. सरकारी कचेऱ्या, शाळा, चहामळ्यांतील बंगले आणि मध्यमवर्गीयांची घरे अशी सर्वत्र ही पद्धत रूढ झाली. तिचे मूळ अर्थातच स्थानिक लोकांच्या बांबू-गवताच्या घरांत होते. परक्या राज्यकर्त्यांनी ती दगडी घरे पडल्यावर स्वीकारली. १८ सप्टेंबर २०११ रोजी सिक्कीममध्ये झालेल्या भूकंपानंतर तेथे गेलेल्या अभियंत्यांनाही इकऱ्याची जुनी घरे धडपणे उभी असलेली आढळली, तर काँक्रीटच्या कित्येक नव्या इमारतींची दुर्दशा झालेली होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मराठी वाचकाच्या जवळचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला त्याची महत्ता सहाहून किंचितच अधिक होती. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या ऊर्जेशी तुलना करता तो जवळजवळ हजारावा हिस्साही भरला नसता. तरीही दहा हजारांच्या जवळपास माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे धाबे. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच घरे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. आदल्या वर्षी, १९९२ साली, त्या भागात लहान धक्के बसले होते. लोक घाबरले होते, काही दिवस बाहेरही झोपले होते, आणि मग घरात गेले. त्या धक्क्यांचा अर्थ त्या वेळी निश्चितपणे कोणालाही सांगता आला नसता, कारण पूर्वसूचक धक्का हा पूर्वसूचक होता हे मोठा धक्का बसल्यानंतरच कळते. कोयनेच्या परिसरात १९६२ पासून असंख्य लहान धक्के बसत आले आहेत. त्यांतून ११ डिसेंबर १९६७ चा विनाशक भूकंप एकदाच उद्भवला.

तरी असे भाकीत करण्याचा प्रयत्न भारतात झालाच नाही असे नाही. हर्ष गुप्ता आणि एच. एन. सिंग या शास्त्रज्ञांनी ईशान्य भारतातील जुन्या भूकंपांच्या नोंदी तपासल्या. मोठ्या भूकंपापूर्वी त्या प्रदेशात आधी लहान धक्क्यांची झुंबड उडते आणि मग काही वर्षे अस्वाभाविक शांतता पसरते, असा क्रम त्यांना दिसला. त्यावरून १९८६ साली त्यांनी असे अनुमान प्रसिद्ध केले की, भारत-म्यानमार सीमेलगतच्या एका पट्ट्यात १९९० अखेरपर्यंत मोठा भूकंप संभवतो. ६ ऑगस्ट १९८८ रोजी तो खरोखरीच झाला. अपेक्षेपेक्षा महत्ता कमी आणि खोली पुष्कळ, म्हणून हानी फारशी झाली नाही. हे यश उल्लेखनीय आहे. पण पाच वर्षांची मुदत आणि शेकडो किलोमीटरांचा पट्टा सांगणाऱ्या भाकिताचा उपयोग घर बांधणाऱ्याला होईल. आज रात्री कोठे झोपावे हे त्यावरून ठरविता येणार नाही.

१५ ऑगस्ट १९५० हा स्वातंत्र्याचा तिसरा वर्धापनदिन. दिवसाचे समारंभ आटोपून लोक घरी परतले होते. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास मिश्मी टेकड्या व तिबेट यांच्या सीमेवर पृथ्वी फाटली. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक किंग्डन-वॉर्ड हा आपल्या पत्नीसह त्या वेळी रिमा या गावाजवळ तंबू ठोकून राहिलेला होता. भूकंपाच्या उगमस्थानाच्या इतक्या निकट असून वाचलेल्या आणि त्याविषयी लिहू शकलेल्या मोजक्या माणसांपैकी तो एक होय. आसामच्या मैदानी भागात घरे हलकी असल्यामुळे ती पडून मेलेल्यांची संख्या मर्यादित राहिली. परंतु खरे संकट डोंगरांतून येणार होते. कडेच्या कडे ढासळून नद्यांच्या अरुंद घळ्या बुजल्या. सुबनसिरी नदी अडली, तिच्यामागे पाणी तुंबले, आणि काही दिवसांनी तो नैसर्गिक बांध फुटून आलेल्या लोंढ्यात ५३२ माणसे वाहून गेली. भूकंपातून सुखरूप वाचलेली ही माणसे होती. ढासळलेल्या डोंगरांची माती पुढे कित्येक वर्षे ब्रह्मपुत्रेत येत राहिली. दिब्रुगडपाशी नदीचा तळ काही मीटरांनी उंचावला, नदी शहराला खाऊ लागली, आणि तट बांधून उरलेले शहर वाचवावे लागले. सादिया हे जुने गाव तर नदीने जवळजवळ गिळलेच. भूकंप मिनिटांत मोजण्याची आपली सवय किती अपुरी आहे हे यावरून दिसते.

त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्याने आठ महत्तेचा भूकंप पाहिलेला नाही. ज्यांनी १९५० पाहिला ती पिढी सरत आली आहे. दरम्यान घरे बदलली. लाकूड महाग झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातल्यानंतर ते आणखी दुर्मिळ झाले. जमिनीचे भाव चढले आणि एकमजली इकरा घर असलेल्या जागेवर पाच-सहा मजले उभारणे किफायतशीर ठरू लागले. या सर्वांना दोष देण्यात अर्थ नाही. वाढत्या शहरातील माणसांना राहावयास जागा हवी, आणि नियमानुसार बांधलेली काँक्रीटची इमारत भूकंपाला उत्तम तोंड देऊ शकते. अडचण आहे ती ‘नियमानुसार’ या शब्दाची. भारतीय मानक संस्थेने भूकंपरोधक रचनेची पहिली संहिता १९६२ साली प्रसिद्ध केली. २००२ च्या सुधारित आवृत्तीत देशाची चार परिमंडळे करून संपूर्ण ईशान्य भारत सर्वांत धोक्याच्या परिमंडळात ठेवण्यात आला. संहिता चांगली आहे. ती जाणणारा अभियंता नकाशावर सही करतो, पण खांब-तुळईच्या जोडात लोखंडी कड्या किती जवळ बांधल्या जातात हे त्या दिवशी कामावर असलेल्या गवंड्यावर अवलंबून असते. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून नुसत्या खांबांवर वरचे मजले तोलण्याची पद्धत विशेष घातक आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपात सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेतील अशा कित्येक इमारती गुडघे मोडल्यासारख्या खाली बसल्या. गुवाहाटीत याच पद्धतीच्या इमारती आहेत, आणि त्यांतील काही भरीव टाकून बुजविलेल्या बिलांवर, म्हणजे पाणथळ तळ्यांवर, उभ्या आहेत. पाण्याने भिजलेली सैल वाळू हादरली की काही क्षण द्रवासारखी वागू लागते. १८९७ ची कारंजी हीच.

२८ एप्रिल २०२१ रोजी सकाळी आठाच्या आत सोनितपूर जिल्ह्यात ६.४ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा शेतांतून पुन्हा वाळू व पाणी वर आले. तेजपूर, गुवाहाटी येथे भिंतींना तडे गेले. मोठ्या भूकंपाच्या मानाने हा लहानच. परंतु लहान भूकंपाचा जो एक खरा उपयोग आहे तो अशा वेळी करून घेता येतो. तो ऊर्जा संपवीत नाही, पुढचे सांगत नाही. घराची तपासणी मात्र फुकट करून देतो. गिलाव्यावरची केसाएवढी उभी चीर बहुधा निरुपद्रवी असते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरकी निघणारी चीर, दोन भिंतींच्या सांध्यात पडलेली फट, खांबाच्या माथ्याजवळ उडालेले काँक्रीट आणि त्यातून दिसणारे लोखंड, ही लक्षणे मात्र जाणकार अभियंत्याला दाखविली पाहिजेत. विटांच्या घरात दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सबंध घराला वेढणारा काँक्रीटचा पट्टा आहे की नाही, हे मालकाने विचारून घ्यावे. हा पट्टा चार भिंतींना एका पेटीसारखे बांधून ठेवतो. नवे घर बांधताना त्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो. जुन्या घरालाही बाहेरून व आतून जाळी बसवून तसा पट्टा देता येतो.

घरातील सामानाचेही असेच आहे. कोणते फडताळ पुढे झुकले, कोणत्या फळीवरची बरणी पडली, कोणते दार चौकटीत अडकून उघडेना, याची आठवण दुसऱ्या दिवशी पुसट होते. ती त्याच रात्री लिहून ठेवावी. फडताळ भिंतीला पट्टीने जखडणे, जड ट्रंका माळ्यावरून खाली आणणे, मुलांची खाट काचेच्या खिडकीपासून दूर सरकविणे आणि स्वयंपाकाच्या गॅसची टाकी साखळीने बांधणे, ही एका रविवारची कामे आहेत. आपल्या खाटेजवळ विजेरी आणि पायताणे ठेवावीत, कारण अंधारात फुटक्या काचांवरून चालताना पाय कापले जातात. बहुमजली इमारतीत जमीन हलत असताना जिन्याकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय घट्ट धरावा आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडावे. एकमजली इकरा घरात दार दोन पावलांवर असेल तर अंगणात जाणे अर्थातच योग्य, आणि आजी-आजोबा नातवंडांना तेच शिकवीत आले आहेत. पण नातवंडे आता चौथ्या मजल्यावर राहतात, आणि जिन्याकडे पहिली धाव घेतात ती तीच.